तुळशीला वास येत नसेल तर: कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं

रोपवाटिकेत वर्षभर येणारी ही तक्रार आहे. झाड डेरेदार असतं, पानंही भरपूर असतात, पण चुरगळल्यावर हाताला वास लागत नाही. बहुतेक वेळा यावर पैसा खर्च न करताच इलाज होतो, फक्त तपासणी नेमक्या क्रमाने करावी लागते. लोक आधी खत आणतात, मग फवारणी करतात आणि ऊन बघायचं शेवटी आठवतं. खाली तो क्रम उलटा केला आहे.

लक्षणे

तुमच्या झाडाला यातलं काय लागू पडतं ते आधी ठरवा. एकाहून जास्त लक्षणं असू शकतात.

- पान बोटांत चुरगळलं तरी वास नाही, किंवा नुसता कापलेल्या गवतासारखा हिरवट वास.
- झाड जोमात आहे, पानं मोठी आणि लुसलुशीत आहेत, पण वास फिका.
- शेंड्याच्या पानांना वास आहे, खालच्या पानांना नाही.
- वास आहे, पण लवंगेसारखा तिखट न येता वेगळाच येतो.
- पानांवर फिकट ठिपके, मागच्या बाजूला काळे चिकट डाग, पानाच्या कडा मुडपलेल्या.
- उन्हाळ्यात वास होता, श्रावण-भाद्रपदात गेला.
- ताज्या पानाला वास आहे, वाळवून डब्यात भरल्यावर राहत नाही.

वास असतो कुठे

हे समजून न घेता पुढच्या तपासण्या केल्या तर त्या नुसत्या टोटक्यासारख्या होतात, म्हणून इथे जरा थांबा.

तुळशीचा वास सगळ्या पानभर मुरलेला नसतो. पानाच्या, कोवळ्या देठाच्या आणि मंजिरीच्या पृष्ठभागावर जी बारीक लव असते, तिच्यातल्या काही केसांत तो साठवलेला असतो. तुळशीवर दोन प्रकारचे केस असतात. एक साधे, टोकदार, अनेक पेशी एकावर एक रचून झालेले. देठावर बोट फिरवलं की खरखर लागते ती यांची. त्यांच्यात तेल नसतं. दुसरे स्रावी केस, म्हणजे तेलग्रंथी. त्यांतही दोन जाती. लहान ग्रंथीला एक छोटा देठ आणि त्यावर एक-दोन पेशींचं डोकं असतं. मोठी ग्रंथी मात्र बुटकी आणि पसरट असते. खाली तळाची पेशी, तिच्यावर आखूड देठाची पेशी आणि वर चार स्रावी पेशींची चकती.

या चार पेशी तेल तयार करतात आणि स्वतःच्या बाहेर, माथ्यावर सोडतात. पेशींच्या वर उपत्वचेचं पातळ, मेणचट आवरण असतं. तेल साचत गेलं की ते आवरण पेशींपासून सुटून फुग्यासारखं वर उचललं जातं आणि मधल्या पोकळीत तेल भरतं. ग्रंथीच्या देठाच्या पेशीच्या बाजूच्या भिंतीही अशाच मेणचट द्रव्याने बंद केलेल्या असतात, त्यामुळे साठवलेलं तेल भिंतींच्या वाटेने पानात परत झिरपत नाही. ही व्यवस्था झाडाला लागतेच, कारण तुळशीतलं युजेनॉल हे वासाचं रसायन कीटकांना आणि बुरशीला त्रासदायक असतं तसं झाडाच्या स्वतःच्या जिवंत पेशींनाही ते झेपत नाही. लवंगेच्या तेलातही हेच युजेनॉल असतं.

पान चुरगळल्यावर ही आवरणं फुटतात, तेल हवेत उडतं आणि आपल्याला वास येतो. या भरलेल्या ग्रंथींना तेलाच्या पिशव्या म्हणू. म्हणजे वास कमी येण्याची कारणं चारच: पिशव्या विरळ आहेत, पिशव्या भरलेल्या नाहीत, पिशव्या आधीच फुटल्या आहेत, किंवा पिशवीतलं तेलच वेगळं आहे. पुढची प्रत्येक तपासणी या चारांपैकी कोणतं कारण आहे ते शोधण्यासाठी आहे.

१. आधी नाक तपासा

एक पैसाही लागत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला तेच पान द्या. रोज तुळशीजवळ वावरणाऱ्याला तिचा वास हळूहळू जाणवेनासा होतो, आणि सर्दीत तर कुणालाच नीट येत नाही. दुसऱ्याला वास येत असेल तर झाड ठीक आहे. तुम्हाला लवंग, कॉफी, लसणाची फोडणी यांचाही वास येत नसेल आणि सर्दी ओसरल्यावरही तसंच राहिलं असेल, तर झाडाचा नाद सोडा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

२. कोणतं पान घेता

शेंड्यापासून मोजून दुसऱ्या-तिसऱ्या जोडीचं एक पान आणि अगदी खालचं एक जुनं पान घ्या. दोन वेगळ्या हातांनी चुरगळा आणि वास घ्या.

बहुतेक तेलग्रंथी पान कोवळं असतानाच तयार होतात. पुढे पान मोठं होत जातं आणि त्या एकमेकींपासून दूर जातात, त्यामुळे तेवढ्याच जागेत ग्रंथी कमी दिसतात. तुळशीच्याच कुळातल्या पेपरमिंटवर याचा बारकाईने अभ्यास झालाय. त्यात तेल बनण्याचा जोर पान साधारण १२ ते २० दिवसांचं असताना सर्वांत जास्त असतो आणि नंतर उतरतो. जुन्या पानाला वास कमी येणं हा रोग नाही. शेंड्याच्या पानाला चांगला वास येत असेल तर तपासणी इथेच संपली. खालची पानं काढून टाका, शेंडे खुडा, नवी फूट येऊ द्या.

दोन्ही पानं सारखीच वासहीन असतील तर पुढे चला.

३. भिंगातून बघा

सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी आहे आणि लोक नेमकी हीच टाळतात.

सकाळच्या तिरप्या उन्हात पान उलटं धरा आणि हळूहळू फिरवा. मागच्या बाजूला शिरांच्या मधल्या जागेत, किंचित खोलगट खळग्यांत, बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. एक ग्रंथी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना ती ठिपक्यापलीकडे दिसत नाही. भिंगातून मात्र फरक कळतो. भरलेली ग्रंथी गोल, ताठ आणि चमकदार असते आणि पान फिरवलं की तिच्यावरचा उजेडाचा बिंदू सरकतो. रिकामी ग्रंथी मधे खचलेली, सुरकुतलेली, निस्तेज असते. फुटलेल्या ग्रंथीच्या जागी चपटी, तपकिरी खूण राहते.

आता मंजिरी असेल तर तिच्या फुलांखालची हिरवी वाटी बघा. तिथे या ग्रंथी दाट असतात. पूर्ण भरलेली ग्रंथी कशी दिसते हे डोळ्यांत बसवायला मंजिरी सर्वांत चांगली.

जे दिसलं त्यावरून पुढची वाट ठरवा. ग्रंथी फुटलेल्या दिसल्या तर चौथी तपासणी. ग्रंथी आहेत पण रिकाम्या आहेत तर पाचवी. पान मोठं आणि ग्रंथी विरळ तर सहावी. ग्रंथी छान भरलेल्या, तरी वास अनोळखी, तर थेट नववीवर जा.

४. पानं पुसता का? पाण्याचा जोराचा फवारा मारता का?

धूळ बसते म्हणून बरेच जण फडक्याने पानं पुसतात. काही जण पानं चकचकीत दिसावीत म्हणून तेलाचा बोळाही फिरवतात. पाइपला नोझल लावून रोज जोरात पाणी मारणारेही असतात. हळदी-कुंकू खोडावर किंवा कुंडीच्या कडेला वाहिलं तर काही बिघडत नाही, पण पानांवर चोळलं की घासणं होतंच.

तेलावरचं आवरण अत्यंत पातळ असतं, घासलं की फुटतं. पूर्ण वाढलेल्या पानावरची मोठी ग्रंथी एकदा फुटली की सहसा पुन्हा भरत नाही, त्या पानाचा साठा तिथेच संपतो. धूळ घालवायची तर झारीने हलकं पाणी शिंपडा. पंधरा-वीस दिवसांनी फुटलेल्या नव्या पानांचा वास घेऊन बघा. सुधारला असेल तर कारण हेच होतं.

५. ऊन, आणि मधली काच

शहरातल्या फ्लॅटमध्ये वास जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

तुळस आणि पुदिना यांच्या कुळातल्या मोठ्या ग्रंथींमधल्या स्रावी पेशी स्वतः अन्न तयार करत नाहीत. त्यांच्यात काम करणारी हरितलवकं नसतात. तेलाचा कच्चा माल म्हणजे साखर, आणि ती खालच्या हिरव्या पेशींकडून देठाच्या पेशीतून वर यावी लागते. ऊन कमी पडलं की पानाची कमाई कमी होते. झाड आधी जगण्यापुरतं बघतं आणि ग्रंथीच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पान हिरवं राहतं, मोठंही होतं, कारण सावलीतलं पान उजेड पकडायला पसरतं. पण ग्रंथी रिकाम्या राहतात.

दुसरी गोष्ट काचेची. सब्जा, म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम, ही आपल्या तुळशीची अगदी जवळची जात. तिच्यावरचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की अतिनील-बी किरण (उन्हातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा एक प्रकार) मिळाले नाहीत तर तेलाच्या पिशव्या नीट भरत नाहीत आणि ते किरण दिले की भरू लागतात. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. म्हणून सरकत्या खिडक्यांनी बंद केलेल्या गॅलरीत भरपूर प्रकाश असूनही तुळशीचा वास फिका राहू शकतो. "आमच्याकडे तर लख्ख उजेड असतो" असं लोक सांगतात, आणि ते खोटं नसतं.

तपासायला सोपं आहे. झाडावर थेट ऊन किती तास पडतं ते एका सुट्टीच्या दिवशी घड्याळ लावून बघा. काचेआडून येणारं ऊन त्यात धरू नका. चार तासांपेक्षा कमी असेल तर जागा बदला, पाच-सहा तास मिळाले तर उत्तम. सावलीत वाढलेली कुंडी एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवू नका, पानं करपतील. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन आधी एक तास, मग दोन, असं वाढवत न्या. फरक जुन्या पानांत शोधू नका, नव्या पानांत बघा.

जागा बदलणं शक्यच नसेल, तर एक झाड गच्चीवर आणि एक घरात ठेवून दर काही आठवड्यांनी अदलाबदल करा. लंडन किंवा न्यू जर्सीच्या थंडीत घरात घेतलेल्या तुळशीचंही हेच होतं, तिथे थंडीत झाड जगवणं एवढंच ध्येय ठेवा. वास उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यावर परत येतो.

पावसाळ्यात ढग आणि ओल दोन्ही एकदम येतात. श्रावण-भाद्रपदात उतरलेला वास आश्विनातल्या उन्हात आपोआप सुधारत असेल तर काहीही करू नका.

६. पाणी आणि खत

ओंजळभर पाण्याने झाड मरत नाही. पण सकाळी पूजेचा तांब्या, संध्याकाळी कुणीतरी दिलेलं पाणी, आणि खाली भरलेली बशी, असं झालं की मुळं गुदमरतात. कुंडीत दोन पेरं बोट खुपसा. आत ओलं लागलं तर आज पाणी नको. पूजेला पाणी घालायचंच असेल तर पळीभर घाला. बशी काढून टाका, कुंडीच्या तळाचं भोक काडीने मोकळं करा. मातीला कुजका वास येत असेल तर रोप काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं चांगली. तपकिरी आणि ओढल्यावर साल सुटणारी मुळं कापून, निम्मी माती आणि निम्मी वाळू-कोकोपीट घेऊन पुन्हा लावा.

किंचित पाण्याचा ताण तुळस चांगला सोसते. वरची माती सुकल्यावर पाणी, एवढा नियम पुरे. पानं मान टाकेपर्यंत मात्र सुकवू नका.

खतात नेमका घोटाळा नत्राचा होतो. युरियाची चिमूट, कच्चं शेण, दर आठवड्याला शेणाची स्लरी, यांनी पानं झपाट्याने मोठी आणि पातळ होतात. ग्रंथींची संख्या त्या वेगाने वाढत नाही. भिंगातून बघितलं तर भरलेल्या ग्रंथी दिसतात, पण लांब लांब. दोन महिने नत्र पूर्ण बंद करा. नंतर महिन्यातून एकदा मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. याउलट खालची पानं पिवळी आणि शेंडे खुजे असतील तर झाड उपाशी आहे. उपाशी झाडाकडे तेल बनवायला साखर नसते, तिथे खत द्यायलाच हवं.

७. मंजिऱ्या

मंजिऱ्या सुकून बिया धरेपर्यंत ठेवल्या की नवी पानं लहान आणि थोडी येतात, आणि झाडावर जुन्याच पानांची गर्दी राहते. त्या हिरव्या असतानाच वरच्या पानांच्या जोडीसकट खुडा. फेकू नका, वास सर्वांत दाट त्यांच्यातच असतो. देवाला वाहा, काढ्यात घाला. घरची परंपरा म्हणून एखादी फांदी बियांसाठी ठेवायला काहीच हरकत नाही.

८. कीड

पानावर फिकट ठिपके आणि मागे काळे चिकट डाग असतील तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. जाळीदार पंखांचे, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, करडे कीटक पडले तर ते तुळशीवर हमखास येणारे रसशोषक आहेत. नुसती लाल-तांबूस धूळ सरकताना दिसली तर तो कोळी आहे. दोन्ही पानाच्या पेशींतला रस शोषतात, म्हणजे ग्रंथीला साखर पुरवणाऱ्या पेशीच मारतात. तेल कीटकांना दूर ठेवतं हे खरं असलं तरी काही किडी तुळशीला सरावलेल्या असतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कात्री. लागण झालेल्या फांद्या कापून पिशवीत बंद करून टाका. उरलेल्या झाडावर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूला पोचेल असं फवारा. आठवड्याने पुन्हा. या काळात पानं खाऊ नका, चहातही टाकू नका. रासायनिक कीटकनाशक तुळशीवर मारू नका असा माझा ठाम सल्ला आहे. हे झाड घरातली लहान मुलंसुद्धा येता-जाता तोंडात टाकतात.

९. वास बदललेला आहे

भिंगातून ग्रंथी भरलेल्या दिसतात, झाड निरोगी आहे, पण वास लवंगेचा नाही. इथे ऊन, पाणी, खत यांचा दोष नसतो. ग्रंथीत कोणतं रसायन बनणार हे मुख्यतः आनुवंशिक असतं.

आधी जात ओळखा. कापरासारखा वास आणि करडी लवदार पानं असली तर ती कापूर तुळस, ऑसिमम किलिमँडस्कॅरिकम. गोडसर वास, गुळगुळीत पानं आणि भिजवल्यावर फुगणारं बी असेल तर सब्जा. हिरवी राम तुळस आणि जांभळट कृष्ण तुळस या दोन्ही ऑसिमम टेन्युइफ्लोरमच, पण त्यांतही वासाचे वेगवेगळे प्रकार आहेत. काहींत युजेनॉल जास्त असतं, काहींत त्याच युजेनॉलला एक मिथिल गट जोडून मिथिल युजेनॉल बनतं आणि वास सौम्य होतो. युजेनॉल तयार करणारं विकर (एन्झाइम) सब्जाच्या ग्रंथींतून शोधून काढल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. ते विकर किती आहे आणि त्याच्या पुढे कोणतं विकर काम करतं, यावर झाडाचा वास ठरतो. लखनौच्या केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्थेने युजेनॉल भरपूर असलेला 'सिम आयु' हा वाण काढला तो याच फरकाचा उपयोग करून.

शेजारी वेगळ्या तुळशी असतील तर मधमाश्यांमुळे संकर होऊ शकतो आणि बियांपासून आलेलं रोप आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून ज्या झाडाचा वास आवडतो त्याची कोवळी, मंजिरी नसलेली, बोटभर फांदी घ्या, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत सावलीत लावा. दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. फांदीपासून आलेलं रोप मूळ झाडाचीच प्रत असतं. वास बदललेल्या झाडावर खत आणि फवाऱ्याचा खर्च करू नका, वास त्याने बदलणार नाही.

१०. ताज्याला वास, वाळल्यावर नाही

हा दोष झाडाचा नसून वाळवण्याचा आहे. उन्हात पत्र्यावर पसरलेल्या पानांतून तेल उडून जातं. सावलीत, हवेशीर जागी, सुती कापडावर एकेरी थरात वाळवा. ड्रायर वापरत असाल तर ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. पान अखंडच डब्यात भरा, कुस्करायचं ते वापरताना. काढा उकळताना झाकण ठेवा, नाहीतर वास घरभर पसरतो आणि पातेल्यात उरत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

काही गोष्टी कुंडीशी बसून सुटत नाहीत.

पाणी योग्य असूनही एका बाजूच्या फांद्या अचानक मान टाकत असतील तर एक फांदी कापून बघा. आतल्या बाजूला तपकिरी रेघा दिसल्या तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता आहे. ती मातीतून पसरते आणि घरच्या उपायांनी बरी होत नाही. ते झाड आणि ती माती दुसऱ्या कुंड्यांपासून दूर ठेवा, त्याच मातीत पुन्हा तुळस लावू नका. नव्या पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे पट्टे आणि पानं आकसलेली असतील तर विषाणूचा संशय घ्या आणि त्या झाडाच्या फांद्या लावणं बंद करा.

एक-दोन झाडं असतील तर नवं रोप आणणंच शहाणपणाचं. पण शेतात तुळस, पुदिना, जिरॅनियम असं सुगंधी पीक असेल आणि ओळीच्या ओळी वासाला उतरल्या असतील, तर अंदाजाने खत बदलू नका. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना न्या. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी या चारही ठिकाणी विद्यापीठं आहेत. तेल विकायचं असेल तर नाकावर विसंबू नका, गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या. तेलातले घटक टक्केवारीसकट कळतात आणि भाव ठरवताना तोच कागद लागतो.

नमुना नेताना आजारी आणि निरोगी, दोन्ही झाडांच्या फांद्या घ्या. शक्य असेल तर एक रोप मुळांसकट उपटून न्या. कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नेलं तर वाटेत पाणी सुटतं, पानं काळी पडतात आणि तपासणाऱ्याला मूळ डाग दिसत नाही. सोबत एका कागदावर लागवडीची तारीख, दिलेलं खत, फवारणी आणि पाण्याची पाळी लिहून द्या.